प्रत्येकीचा स्वतंत्र जबाब

फसवणुकीच्या गुन्ह्यात नुकसान झालेली व्यक्ती एकच असली, तर तिचा जबाब घेणे हे तपास अधिकाऱ्याचे एका दुपारचे काम असते. तीच फसवणूक गावातल्या प्रत्येक गल्लीत झालेली असली, एकाच बाईने, एकाच पद्धतीने, एकाच वर्षात कितीतरी घरे बुडवलेली असली, तर जबाब घेणाऱ्याला आणि देणाऱ्यांनाही असे वाटू लागते की हकीकत एकच आहे, माणसे तेवढी निराळी. मग एकीचा जबाब नीट लिहून घ्यावा आणि नाव, वय, रक्कम बदलून तोच बाकीच्यांच्या नावापुढे उतरवावा, हा मार्ग सर्वांना सोयीचा वाटतो. कायद्याला तो मान्य नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे 180 वे कलम सांगते की पोलिसांनी जबाब लेखी घेतला, तर ज्यांचा घेतला त्या प्रत्येकाच्या म्हणण्याची स्वतंत्र आणि खरी नोंद झाली पाहिजे. ही संहिता 1 जुलै 2024 पासून लागू झाली. तिच्या आधीच्या 1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतही 161 व्या कलमात हेच होते. म्हणजे अर्धशतक ही अट कागदावर आहे. ती गावातल्या शाळेच्या खोलीत, मे महिन्याच्या उकाड्यात, रोजगार बुडवून आलेल्या बायकांच्या बाबतीत पाळायची कशी, याचा विचार मी गेला बराच काळ करते आहे.

मी जिल्हा कायदा सेवा प्राधिकरणाची विधी स्वयंसेविका आहे. राष्ट्रीय पातळीवर ही योजना 2009 मध्ये सुरू झाली. वकील नसलेल्या पण थोडे शिक्षण घेतलेल्या माणसांनी गावातली गरजू माणसे आणि न्यायव्यवस्था यांच्यामध्ये दुवा म्हणून उभे राहावे, अशी तिची कल्पना आहे. मराठी शाळेतल्या नोकरीमुळे गावे आणि घरे ओळखीची, आणि कन्नड लिहिता-वाचता येत असल्यामुळे निपाणी, चिक्कोडी, हुक्केरी या भागात मला बोलावणे येते. जबाब घेण्याचा अधिकार मला नाही, तो तपास अधिकाऱ्याचा. माझे काम त्याच्या अलीकडचे आणि पलीकडचे: कोणाकोणाचे नुकसान झाले त्याची यादी करणे, जबाब कुठे, कधी, कोणत्या क्रमाने होतील हे दोन्ही बाजूंना विचारून ठरवणे, बाई खोलीत जाईपर्यंत तिच्याजवळ बसणे आणि ती बाहेर आल्यावर पुढे काय होणार ते तिला सांगणे.

ज्या प्रकरणांविषयी मी लिहिते आहे, त्यांचा साचा आता सीमाभागात बहुतेकांना ठाऊक झाला आहे. 2024 च्या अखेरीस बेळगाव जिल्ह्यात अनेक गावांतून अशाच तक्रारी पुढे आल्या. ओळखीतली एखादी बाई घरी येते. फायनान्स कंपनीचे कर्ज तुमच्या नावावर काढू, निम्मी रक्कम तुम्हाला ठेवा, ती सबसिडी समजा; निम्मी माझ्याकडे द्या, हप्ते सगळे मी भरते, असे सांगते. आधार कार्ड, रेशन कार्ड, फोटो, अंगठा. एका कंपनीचे कर्ज झाले की दुसरीचे, दुसरीचे झाले की तिसरीचे. पहिले काही हप्ते वेळेवर भरले जातात, त्यामुळे विश्वास बसतो, आणि फसलेली बाई स्वतःच आपल्या जावेला, नणंदेला, माहेरच्या बहिणीला तिच्याकडे घेऊन जाते. मग एखाद्या महिन्यात हप्ते थांबतात आणि वसुलीवाले दारात उभे राहतात. कागदावर कर्जदार ही फसलेली बाईच असते. मध्ये पैसे घेऊन गेलेल्या बाईचे नाव कर्जाच्या एकाही कागदावर नसते. म्हणून या गुन्ह्यात जबाबांना फार मोल आहे. कागद सगळे बाईच्या विरुद्ध बोलतात, आणि तिच्या बाजूने बोलणारी बहुधा ती एकटीच असते.

पहिला प्रश्न येतो तो बोलावण्याचा. संहितेच्या 179 व्या कलमानुसार पोलीस साक्षीदाराला लेखी आदेश देऊन हजर राहायला सांगू शकतात. पण स्त्रियांना, पंधरा वर्षांखालील मुलांना, साठ वर्षांवरील पुरुषांना, अपंग किंवा गंभीर आजारी व्यक्तींना त्यांच्या राहत्या ठिकाणाखेरीज दुसरीकडे येण्याची सक्ती करता येत नाही. नव्या संहितेने त्याला एक पुस्ती जोडली आहे: अशी व्यक्ती स्वखुशीने ठाण्यात यायला तयार असेल, तर तिला येऊ द्यावे. पुस्ती चांगल्या हेतूने घातली असेल, पण ज्या बाईने आयुष्यात ठाण्याची पायरी चढलेली नाही, तिला हवालदाराचा फोन येतो की उद्या अकरा वाजता स्टेशनला या, तेव्हा ती स्वखुशीने आली की भीतीने, हे कोण ठरवणार? निपाणीच्या बाजूला विडी वळणाऱ्या बायका पुष्कळ आहेत. त्यांचा दिवस हजार विड्यांच्या हिशेबाने मोजला जातो. एक दिवस ठाण्याच्या बाकावर गेला, तर त्या दिवसाची मजुरी गेली आणि आठवड्याच्या हप्त्याला पैसे कमी पडले. ज्या गुन्ह्यात हप्त्यापायीच सगळे झाले, त्याच्या तपासापायी आणखी एक हप्ता चुकावा, हे मला बघवत नाही. म्हणून मी तपास अधिकाऱ्यांना 179 व्या कलमाची आठवण नम्रपणे करून देते आणि गावात येण्याची विनंती करते. बहुतेक अधिकारी ऐकतात. त्यांनाही ठाण्याच्या व्हरांड्यात पन्नास बायकांची गर्दी नको असते.

जागा ठरवताना मी सगळ्यात आधी नको असलेल्या जागा काढून टाकते. बचत गटाच्या अध्यक्षीणबाईंचे घर नको, कारण तिथे प्रत्येकजण तिच्या देखत बोलणार. ग्रामपंचायतीचे कार्यालय नको, कारण तिथे पंचायतीतल्या कुणाचा तरी पाहुणा आरोपीच्या भावकीतला निघतो. देवळाचा मंडप तर मुळीच नको. गावातले लोक शपथेचे वातावरण होईल म्हणून तो सुचवतात, पण देवासमोर बाई आपली चूक आधी कबूल करायला लागते आणि दुसऱ्याने केलेला गुन्हा सांगायचा राहून जातो. शाळा सुटल्यावरची शाळा उत्तम. दोन खोल्या पाहिजेत, शक्य तर एकमेकींना लागून नसलेल्या. एका खोलीत बायका थांबतात, दुसऱ्या खोलीत जबाब होतो, आणि जिचा झाला ती पुन्हा थांबलेल्या बायकांत परत येत नाही. मागच्या दाराने थेट घरी जाते. या एका नियमावर मी सर्वात अधिक अडून बसते. नाहीतर पहिली बाई बाहेर येऊन सांगते, "तारीख इच्यारत्यात, आनि पैसं कुनासमोर दिलं त्ये इच्यारत्यात," आणि पुढच्या अर्ध्या तासात थांबलेल्या सगळ्याजणींची एकच तारीख आणि एकच साक्षीदार तयार होतो. यात खोटे बोलण्याचा कुणाचा हेतू नसतो. एकत्र बसलेल्या माणसांच्या आठवणी एकमेकींत मिसळतात, आणि मग आपण स्वतः पाहिले किती आणि शेजारणीकडून ऐकले किती, हे त्या बाईलाही वेगळे काढता येत नाही.

क्रमाचेही तसेच. गावाचा कल असतो की आधी अध्यक्षीण, मग सचिव, मग शिकलेल्या, मग बाकीच्या. मी वयस्क, आजारी आणि अंगावर पाजणाऱ्या बायका आधी घ्यायला सांगते. त्यांना थांबवणे बरोबर नाही हे एक कारण. दुसरे असे की पुढारी बाईचा जबाब पहिला झाला, तर लिहिणाऱ्याच्या मनात तोच मूळ जबाब म्हणून बसतो आणि पुढच्या प्रत्येकीला त्याच्याशी ताडून पाहिले जाते. नावांची यादी मात्र मी आधीच पक्की करून ठेवते, कारण आधारवरचे नाव, रेशन कार्डावरचे नाव, माहेरचे नाव आणि कर्जाच्या कार्डावर इंग्रजीत चुकीचे उमटलेले नाव ही एकाच बाईची आहेत, हे जबाबाच्या पहिल्या ओळीतच यावे लागते.

या प्रकरणांत सर्वात नाजूक गाठ नवऱ्याची असते. कितीतरी बायकांनी हे कर्ज घरी न सांगता काढलेले असते. त्यांच्याकडे राहिलेली निम्मी रक्कम कुठे गेली, हे सांगताना त्यांचा आवाज बदलतो: सासूच्या डोळ्याचे ऑपरेशन, मुलीच्या कॉलेजची फी, माहेरच्या भावाला दिलेले पैसे, नवऱ्याची बाहेरची उधारी फेडून त्यालाच कळू न देणे. नवरा दाराशी उभा असेल तर ती हे बोलत नाही आणि मग जबाबात एक भोक राहते, ज्यातून पुढे आरोपीचा वकील सहज आत शिरतो: निम्मे पैसे तुम्ही वापरले की नाही? वापरले तर फसवणूक कसली? बाईने पहिल्याच जबाबात सांगितले असेल की होय, निम्मे मी वापरले, त्याचे हे केले, आणि उरलेले निम्मे अमुक दिवशी अमुक बाईच्या हातात दिले, तर त्या प्रश्नात काही जोर उरत नाही. म्हणून नवऱ्यांसाठी मी वेगळी व्यवस्था करते. त्यांनाही सांगायचे असते, त्यांचाही राग खरा असतो. त्यांच्यापैकी कुणाच्या समोर पैसे दिले गेले असतील तर त्यांचा स्वतंत्र जबाब व्हायलाच हवा. पण तो त्यांचा जबाब. बायकोच्या जबाबात मध्येच बोलून त्यांनी तो द्यायचा नाही, हे मी त्यांना दारातच समजावते. बहुतेकांना ते पटते, कारण तुमचेही ऐकून घेतले जाईल हे त्यांना कुणीतरी पहिल्यांदाच सांगितलेले असते.

एका आजींचा जबाब मला फार जवळून पाहायला मिळाला. दुभाषी म्हणून मी खोलीत होते. त्या तंबाखूच्या वखारीत आयुष्यभर काम केलेल्या. बोटांची टोके अजून तपकिरी होती. मांडीवर प्लास्टिकची पिशवी, तिच्यात तीन कंपन्यांची कर्जाची कार्डे, एक पासबुक आणि लाइट बिलाच्या मागच्या कोऱ्या बाजूला नातवाने लिहिलेले आकडे. अधिकारी तरुण आणि सभ्य होते. त्यांनी पहिला प्रश्न केला, पैसे कोणत्या तारखेला दिले? आजी गप्प झाल्या. त्यांनी पुन्हा विचारले, निदान महिना सांगा. आजींनी पिशवीची गाठ सोडली, परत मारली आणि म्हणाल्या, "बेंदराच्या आदल्या दिशी." अधिकाऱ्यांनी कागदावर जून लिहिले.

आता हा प्रदेश असा आहे की इथे बेंदूर, म्हणजे बैलांचा सण, दोनदा होतो. कर्नाटकी बेंदूर ज्येष्ठ पौर्णिमेच्या सुमारास, आणि महाराष्ट्राकडचा बेंदूर आषाढात, साधारण महिनाभराने. निपाणीच्या अलीकडे-पलीकडे दोन्हींची घरे शेजारी शेजारी आहेत. कुणाच्या दारात कोणत्या पौर्णिमेला बैल रंगवले जातात, हे घराण्यावर आणि माहेर-सासरच्या रिवाजावर ठरते. अधिकारी धारवाडकडचे, त्यांच्या घरी हा सण, कारहुणवी, ज्येष्ठातच. मी परवानगी मागून आजींना विचारले की तुमच्या घरी बैल कधी सजवतात. त्या म्हणाल्या, "आमचं माहेर कागल तालुक्यातलं, पन मी सासरचंच करते. आषाढातला." कर्जाच्या कार्डावर रक्कम मिळाल्याची तारीख पाहिली, तर ती जुलैची. जूनच्या बेंदराला हातात पैसेच आले नव्हते, मग ते दिले कसे? कागदावर जून तसाच राहिला असता, तर कोर्टात हा जबाब पहिल्या पाच मिनिटांत खोटा ठरला असता, आणि खोट्या ठरल्या असत्या त्या आजी.

तेव्हापासून मी गेल्या दोन-तीन वर्षांची भिंतीवरची कॅलेंडरे बरोबर ठेवते. माणसांना तारखा आठवत नाहीत, पण गौरी बसल्या होत्या, चैत्रात ज्योतिबाच्या यात्रेला गेलो होतो, सौंदत्तीच्या यल्लम्माहून आलो त्याच आठवड्यात, सोयाबीन काढणीला मजूर मिळत नव्हते, हे अगदी पक्के आठवते. त्या आठवणीला कार्डावरची तारीख जोडून दिली की जबाबाला पाया मिळतो. अमेरिकेतल्या फिशर आणि गायझेलमन या दोन मानसशास्त्रज्ञांनी 1980 च्या दशकात साक्षीदारांना विचारण्याची जी पद्धत बसवली, तिचाही गाभा हाच आहे: माणसाला मनाने त्या प्रसंगात परत जाऊ द्यावे, न तोडता बोलू द्यावे, आणि नेमके प्रश्न शेवटी विचारावेत. आजींनाही शेवटी अधिकाऱ्यांनी तसेच बोलू दिले. त्या दिवशी पाऊस होता, बैलांची शिंगे रंगवायला हिंगुळ आणायला मुलगा गेला होता, ती बाई पदराखाली छत्री धरून आली, पैसे चुलीजवळच्या डब्यात होते, ते तिने तिथेच मोजले आणि मोजताना वरची एक फाटकी नोट परत केली. फाटकी नोट! ही गोष्ट दुसऱ्या कुणाच्याही जबाबात नाही, असूही शकत नाही. न्यायाधीशांनी तो जबाब वाचला, तर त्यांना कळेल की ही बाई स्वतःच्या चुलीजवळून बोलते आहे.

याउलट, चांगल्या मनाच्या लोकांनी केलेले एक नुकसान मी वारंवार पाहते. गावातला कुणी शिकलेला मुलगा, कुणी संघटनेचा कार्यकर्ता सगळ्या बायकांसाठी एक छापील अर्ज तयार करतो. रिकाम्या जागी नाव आणि रक्कम भरायची, बाकी मजकूर एकच: "सदर महिलेने मला आमिष दाखवून माझा विश्वास संपादन करून…" आमिष आणि संपादन हे शब्द ज्या बाईने जन्मात उच्चारले नाहीत, तिच्या नावावर ते जातात. अर्ज म्हणून, तक्रारीची दाद लागावी म्हणून ते एकवेळ ठीक आहे. पण तोच मजकूर पुढे जबाबात उतरतो. पोलिसांसमोरचा जबाब हा न्यायालयात पुरावा म्हणून वापरता येत नाही, हे खरे; मात्र संहितेच्या 181 व्या कलमानुसार साक्षीदाराला खोटे पाडण्यासाठी बचावपक्ष तो वापरू शकतो, आणि महत्त्वाची गोष्ट जबाबात सांगायची राहिली असेल, तर ती राहणे हीसुद्धा विसंगती ठरू शकते. एकसारख्या जबाबांत हेच होते. प्रत्येकीचे जे खास, तिची फाटकी नोट, तिचा चुलीजवळचा डबा, ते सगळे गाळले जाते, आणि दोन-तीन वर्षांनी साक्षीच्या पिंजऱ्यात ती ते सांगते, तेव्हा तिला विचारले जाते की हे पोलिसांना का सांगितले नव्हते? तिने सांगितले असते. तिला कुणी विचारलेच नव्हते.

जबाब कन्नडमध्ये लिहिला जातो, बाई मराठीत बोलते. त्यावरून सीमाभागात पुष्कळ बोलले जाते. मला कामापुरते एवढे सांगायचे आहे की दुभाषी कोण, हे आधी ठरवावे. गावातच राहणारा पोलीस नको, आरोपीच्या नात्यातली अंगणवाडी सेविका नको, आणि कन्नड माध्यमात दहावीला असलेली बाईची स्वतःची मुलगी तर नकोच, कारण आईची लाज झाकण्याचे ओझे त्या पोरीवर पडते. लिहून झाल्यावर अधिकाऱ्यांनी जबाब वाचून दाखवावा, मी तो वाक्यावाक्याने मराठीत सांगावा आणि बाईने अडवले की तिथेच दुरुस्ती व्हावी, असा माझा आग्रह असतो. नव्या कायद्याने जबाबाचे ध्वनिचित्रमुद्रण करायला मुभा दिली आहे. जिथे ते होते तिथे बाईचे मूळ बोलणे जसेच्या तसे राहते, आणि माझ्यासारखीच्या कामाचीही पडताळणी होऊ शकते. ते सर्रास व्हावे असे मला मनापासून वाटते.

वाचून झाले की बायका अंगठा पुढे करतात. "कुठं लावू?" अधिकारी सांगतात, जबाबावर सही-अंगठा घ्यायचा नसतो. कायदाच तसा आहे. यावर बायकांच्या चेहऱ्यावर जे येते, ते मी सांगायला हवे. आजवर जिथे जिथे त्यांनी अंगठा दिला, तिथून काहीतरी अंगावर आले. मशीनवर बोट ठेवले आणि पन्नास हजारांचे कर्ज झाले. अंगठा न मागणारी ही पहिलीच जागा. काहींना बरे वाटते. काहींना मात्र शंका येते की मग हे सांगितलेले धरले जाणार की नाही, आणि त्यांना समजावून सांगायला निवांत वेळ ठेवावा लागतो.

ज्यांच्याविषयी मला सर्वात जास्त काळजी वाटते, त्या मधल्या बायका. मुख्य बाई एक. पण तिच्या हाताखाली गल्लीगल्लीत एक-दोघी असतात, ज्यांनी दहा-पंधरा शेजारणींची कागदपत्रे गोळा केली, त्यांना फायनान्सच्या मीटिंगला नेले, कधी पैसेही आपल्या हाताने पोचवले. त्यातल्या काहींना प्रत्येक नावामागे पैसे मिळाले. काहींना काहीच मिळाले नाही, उलट त्यांच्याच नावावर सर्वांहून अधिक कर्जे आहेत. गावाच्या दृष्टीने त्या चोर, पोलिसांच्या दृष्टीने त्या एकाच वेळी साक्षीदार आणि संशयित, आणि स्वतःच्या दृष्टीने त्या फसलेल्या. हे तिन्ही एकाच बाईच्या ठायी खरे असू शकते. अशा बाईला बाकीच्यांबरोबर रांगेत बसवले, तर दोन गोष्टी होतात: रांगेतल्या बायका तिच्यासमोर बोलत नाहीत, किंवा तिच्या अंगावर धावून जातात. म्हणून तिचा दिवस वेगळा, जागा वेगळी. आणि त्याआधी तिची वकिलाशी गाठ घालून देणे मी माझे कर्तव्य समजते. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या 12 व्या कलमाखाली स्त्रीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, आणि स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती कुणावर करता येत नाही हे तर राज्यघटनेच्या 20 व्या अनुच्छेदातच आहे. काही अधिकाऱ्यांना हे आवडत नाही. वकील आला की बाई गप्प बसेल असे त्यांना वाटते. माझा अनुभव उलटा आहे. आपल्याला काय होऊ शकते हे नीट कळलेली बाई शांतपणे आणि सविस्तर बोलते. अंधारात ठेवलेली बाई आधी सगळे नाकारते आणि मग आपल्या शेजारणीवर ढकलते. मुख्य बाईपर्यंत पैसे कसे गेले ते या मधल्या बायकांनाच ठाऊक असते. त्यांना चिरडून हा गुन्हा सिद्ध होणार नाही, आणि झाला तरी त्यात न्याय झाला असे मला म्हणता येणार नाही.

फोनविषयी थोडक्यात. व्हॉट्सॲपवरचे आवाजी निरोप हा या प्रकरणांत मोठा पुरावा असतो, आणि तो घरातल्या पोरांच्या हातून पुसला जातो. यादी करायला जाते तेव्हाच मी सांगते की फोनमधले काही काढू नका, कुणाला पुढे पाठवत बसू नका, फोन बदलू नका. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या 63 व्या कलमाप्रमाणे त्याचे प्रमाणपत्र लागते, ते मिळवून घेणे पोलिसांचे काम.

पोलिसांच्या बाजूनेही बोलले पाहिजे. एका तपास अधिकाऱ्याकडे हा एकच गुन्हा नसतो. आमच्या जिल्ह्यात तर 1 नोव्हेंबर, कर्नाटक राज्योत्सवाचा दिवस, आला की बंदोबस्त, आणि डिसेंबरात विधिमंडळाचे अधिवेशन सुवर्ण विधानसौधात भरले की तालुक्यातालुक्यातून पोलीस बेळगावला ओढले जातात. तेव्हा ठरवलेले जबाब रद्द होतात, बायका शाळेत येऊन बसतात आणि कुणी येत नाही; तो दिवस बुडाला की पुढच्या वेळी निम्म्याच येतात. म्हणून या दिवसांत मी जबाब ठरवूच देत नाही. एका दिवसात सहा-सातपेक्षा अधिक जबाब नकोत, हेही मी सुचवते, कारण संध्याकाळी लिहिणाऱ्याचा हात थकतो आणि सकाळच्या जबाबाची वाक्ये नकळत संध्याकाळच्या जबाबात येतात.

जबाब झाला म्हणजे बाईच्या दृष्टीने काम संपले नाही, तिची वाट पाहणे तिथून सुरू होते. तपास कुठवर आला हे 90 दिवसांच्या आत फिर्यादीला किंवा पीडिताला कळवावे, असे संहितेच्या 193 व्या कलमात आता स्पष्ट आहे. गुन्ह्यातून मिळालेली मालमत्ता जप्त करून न्यायालयाच्या आदेशाने ती जिल्हाधिकाऱ्यांमार्फत नुकसान झालेल्यांत वाटण्याची तरतूदही 107 व्या कलमात आहे. तसे वाटप होईल तेव्हा कुणाचे किती गेले, हे ज्या कागदांवरून ठरेल त्यांत हे जबाब असतील, आणि ज्या बाईचा जबाब नाही तिची रक्कम सिद्ध करणे अवघड जाईल. वसुलीच्या जाचाविरुद्ध कर्नाटक सरकारने फेब्रुवारी 2025 मध्ये वटहुकूम काढला, त्यामुळे दारातली शिवीगाळ काही ठिकाणी थांबली. कर्ज मात्र बाईच्या नावावर तसेच आहे. म्हणून मी प्रत्येकीला गुन्ह्याचा क्रमांक, कलमे, ठाण्याचा फोन आणि 90 दिवसांनी येणारी तारीख मराठीत लिहून देते. ती चिठ्ठी घेऊन ठाण्यात गेलेल्या बाईशी पोलीस वेगळे बोलतात, हे मी पाहिले आहे.

सध्या माझ्यासमोर प्रश्न आहे तो गाव सोडून गेलेल्या बायकांचा. वसुलीच्या धास्तीने काही इचलकरंजीला सुताच्या कामावर गेल्या आहेत, काही गोव्यात घरकामाला, काही नवऱ्याबरोबर ऊसतोडीच्या टोळीत. त्यांची नावे यादीत आहेत, जबाब नाहीत. गावातल्या बायका म्हणतात, त्यांचेही आम्हीच सांगतो, आम्हाला सगळे ठाऊक आहे. अधिकाऱ्यांनाही आरोपपत्राची घाई आहे. मी दोघांनाही थांबवले आहे. इचलकरंजीतल्या बायकांचा पत्ता लागला आहे. त्या रविवारी सुटीला एका नातेवाइकाच्या घरी जमू शकतात, तिथे महिला अधिकाऱ्यांनी यावे असा अर्ज मी दिला आहे. गोव्यातल्या दोघी गणपतीला येतील. टोळीतल्या बायका पट्टा पडल्यावर, कारखाने बंद झाले की परततील. तोवर त्यांची कर्जाची कार्डे त्यांच्या सासवांकडून घेऊन छायाप्रती करून ठेवल्या आहेत, आणि त्यांचे पुरवणी जबाब आरोपपत्रानंतरही न्यायालयापुढे ठेवता येतील का, याविषयी सरकारी वकिलांशी बोलणे चालू आहे.